दाजींचं धोंडेजेवण

पुरणयंत्राचा दांडा फिरवून फिरवून माझा खांदा भरून आला होता, तेवढ्यात दाराबाहेर दाजी खाकरले. त्यांना खोकला वगैरे काही झालेला नव्हता. तलाठी माणूस कुणाच्या दारात उभा राहिला की आपण आल्याचं असंच कळवतो, एवढंच.

"अहो, आले ते!" प्रयाग दचकून जागी झाली. रात्रपाळी करून आली होती आणि पांढऱ्या साडीतच भिंतीला टेकून, चहाचा कप मांडीवर धरून डुलक्या घेत होती. "एसटी तर बाराला येते म्हणालात!"

"वडापच्या जीपनं आले असतील. धर हा दांडा."

"शर्ट घाला आधी. आणि कपाळ पुसा, पीठ लागलंय."

मी शर्ट अंगात अडकवला, मागच्या दारानं बोळात उडी मारली आणि वळसा घालून रस्त्यावर आलो. दारात दाजी आणि आक्का उभे होते. दाजींच्या डोक्यावर कडक टोपी, आक्काच्या हातात पिशवी.

"अरे, दाजी! तुम्हालाच आणायला स्टँडवर निघालो होतो."

"स्टँड तिकडं आहे, मेव्हणे," दाजी माझ्या पाठीमागं बोट दाखवून म्हणाले. "तुम्ही तिकडूनच आलात."

आक्कानं माझ्याकडं नीट पाहिलं. "शर्टाची बटनं खालीवर लागल्यात, अंब्या," एवढंच म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत गेली.

एवढी लपवाछपवी कशासाठी, हे आधी सांगितलं पाहिजे. मी बार्शीच्या एका सूतगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होतो, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात. गिरणीला कुलूप लागलं आणि मी घरी बसलो. प्रयाग सरकारी दवाखान्यात नर्स होती, म्हणून चूल थंड झाली नाही. पण तिच्या पाळ्या अशा, की कधी ती सकाळी नसायची, कधी रात्री. तेव्हा खानावळीचा डबा लावला. डब्यातल्या पाण्याला ते लोक आमटी म्हणायचे. ते पाणी पिण्यासाठी तिचा निम्मा पगार जायचा, वरून किराणा वेगळा. एक दिवस डबा उघडला आणि आमची नलू, तेव्हा आठवीत होती, भाकरी चटणीशी खाऊन मुकाट शाळेत गेली. त्या दिवशी मी डबा बंद केला आणि कणकेत हात घातला.

सुरुवातीचे प्रताप काय सांगू! भाकरी थापली तर तिचा आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा व्हायचा, आणि त्यातही मराठवाडा करपायचा. होळीला पुरणाची डाळ शिजवली आणि वरचं सगळं पाणी मोरीत ओतून मोकळा झालो. प्रयाग ड्यूटीवरून आली आणि विचारती झाली, "येळवणी कुठाय?" मी म्हटलं, ती कोण? त्यावर ती जी हसत सुटली, ती पाटावर बसून पोट धरून हसली. मग तिनं सांगितलं, की ज्या पाण्याला मी घाण समजून घालवलं त्याचीच आमटी होते, आणि अर्धी बार्शी पुरणपोळी खाते ती त्या आमटीसाठी.

ते मला लागलं. कारण गिरणीत आमच्या खात्यात जमिनीवरून झाडून काढलेला कापूससुद्धा पोत्यात भरून तोलला जायचा आणि साफ होऊन पुन्हा मशीनवर चढायचा. तो तोलून घेणारा माणूस मीच, आणि घरात मी सोनं मोरीत ओतत होतो! तेव्हापासून स्वयंपाकघराला मी माझं खातं समजू लागलो. दोडक्याच्या शिरा तीळ घालून चटणीत गेल्या. कोथिंबिरीच्या काड्या ठेच्यात, फ्लॉवरचे दांडे आमटीत, मुळ्याचा पाला पिठल्यात. शिळी भाकरी ताकात कुस्करली, उरलेला भात थालीपिठात मळला. अडतीवर जाऊन डाळीची चुरी आणायची. शिजल्यावर अख्खी डाळ होती की चुरी, हे कुणाच्या बापाला कळत नाही. ढेपेच्या तळाचा गूळ, तोही वजनात पूर्ण आणि भावात कमी. तेलाच्या डब्यात मी स्वतः वाकवलेली एक छोटी पळी ठेवली होती, ती सोडून दुसऱ्या पळीनं तेल काढायचं नाही असा घरात कायदा केला. किराणा निम्म्यावर आला आणि घरातली तिघंही अंगानं भरली. मला गिरणीत कधी बक्षीस मिळालं नाही, पण त्या महिन्यात प्रयाग म्हणाली, "अहो, पगार उरला!" आणि मला जॉबरचा मॅनेजर झाल्यासारखं वाटलं.

पण हे सगळं चार भिंतींच्या आत. घराबाहेर मी पेपर वाचणारा, नोकरी शोधणारा गडी होतो. आमच्याकडं पुरुष चुलीपुढं बसला की एक तर त्याची बायको मेलेली असते किंवा त्याची अक्कल. आणि दाजींना कळलं असतं तर त्यांच्या वैरागपासून बार्शीपर्यंत सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत दवंडी पिटली गेली असती.

आता मुद्द्याचं. प्रयागला बढतीच्या ट्रेनिंगसाठी निवडलं होतं. सहा महिने सोलापूरला राहायचं, परत आल्यावर हाताखाली नर्सा असलेली जागा. होय की नाही ते सोमवारी साहेबांना सांगायचं होतं. मी म्हटलं, जा. नलू म्हणाली, जा. पण आक्कानं आधीच निरोप धाडला होता: घर टाकून बाई सहा महिने परगावी राहते, हे आमच्यात कधी झालं नाही. आक्का म्हणजे माझी आईच. आई गेली तेव्हा मी चालायला लागलो होतो. मला हिनं वाढवलं. माझ्या लग्नात आईबापाच्या पाटावर आक्का आणि दाजी बसले होते.

"वन्संच्या मनाविरुद्ध गेले तर तिथं माझा घास गोड लागणार न्हाई," प्रयाग म्हणाली. "त्यांनी जा म्हणावं. न्हाईतर मी जात न्हाई."

तो अधिक महिना होता, आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो, आणि त्यात जावयाला नारायण समजून लेकीसकट जेवायला बोलवायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे वाढायचे, आहेर करायचा. आमचे वडील, अण्णाही गेलेले, तेव्हा दाजींचा मान करायचा तो मीच. मी बेत आखला. दोघांना पोटभर, मनभर जेवू घालायचं, आणि तोंड गोड झालं की प्रयागनं विषय काढायचा.

"कुणी केलं ते सांगूनच टाका की," ती म्हणाली होती.

"दाजींसमोर? मी मेल्यावर सांग."

आणि असा तो रविवार उजाडला होता.

दाजी बाहेरच्या खोलीत बसून मला गावातल्या बांधाच्या भांडणांच्या गोष्टी सांगत होते आणि माझा जीव आत टांगलेला. पुरण झालं होतं, धोंडे वळून उकडायला ठेवायचे बाकी होते. प्रयागला इंजेक्शन झोपेतही देता येतं, पण धोंड्याची पारी तिच्या हातून फुटते, हे मला माहीत होतं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत, सुपारीच्या निमित्तानं आत, पंखा का लागत नाही बघायला आत. आक्का परसात नलूच्या वेणीफणीला बसली होती, ते एक नशीब. प्रत्येक फेरीत मी दोन-तीन धोंडे वळून येत होतो.

"मेव्हणे, तुमचं पोट बरं नाही का?" शेवटी दाजींनी विचारलं.

पाट मांडले. दाजी आणि आक्का जोडीनं बसले, शेजारी मी आणि नलू. प्रयागनं साडी बदलली होती; तिनं दोघांना कुंकू लावलं, ओवाळलं आणि वाढायला घेतलं. धोंड्यावर तुपाची धार, वाटीत येळवणीची आमटी, एक कुरडई, गवारीची भाजी, दोडक्याच्या शिरांची चटणी. दाजींनी पहिला धोंडा फोडला. वाफ आली. त्यांनी डोळे मिटले.

"वा," ते म्हणाले. तलाठी माणूस सहसा एवढं स्पष्ट बोलत नाही.

आक्कानं आमटी ओरपली, वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. चटणी बोटानं चाखली. "ही कशाची गं?"

"दोडक्याच्या शिरांची, वन्सं."

"शिरांची? मी टाकून देते की गं आजवर." तिनं आणखी मागून घेतली. "आमटी तर अशी झालीय की जिभेला सोडवंना. डाळ एकच आन् गोडबी तिचंच, तिखटबी तिचंच. अंब्याची गिरणी बंद पडली तवा मला वाटलं, ह्या घराचं आता काय खरं न्हाई. पर बाईनं घर काय राखलंय!"

मी मान खाली घालून गालात हसत होतो. काय तो आनंद! पगारवाढ मिळूनसुद्धा होत नाही असला. प्रयागनं माझ्याकडं पाहिलं आणि हीच वेळ आहे असं समजून विषय काढला.

"वन्सं, ते ट्रेनिंगचं… उद्या सांगायचंय."

आक्कानं हातातला घास ताटात ठेवला.

"प्रयाग, तुझ्यावर माझा राग न्हाई. पर आता हे जेवण जेवल्यावर तर मी न्हाईच म्हणणार. असल्या हाताची बाई सहा महिने घरात नसली तर ह्या दोघांनी खायचं काय? खानावळीचं पाणी? त्या डब्यापायी पैसा गेला कुठं ते कळलं न्हवतं, इसरलीस व्हय?"

"बरोबर आहे," दाजी म्हणाले. "ही बाई आहे म्हणून घर चालतंय. ती गेली की संपलं. आणि आणखी एक धोंडा वाढा."

"फार तर नलीला मी वैरागला घेऊन जाते," आक्का म्हणाली. "तिथल्या शाळंत घालू. अंब्याचं काय, कुठंबी खाईल. पर तसं पोरीला घरातनं उठवायचं तुला बरं वाटंल का, तूच सांग."

नलूनं जेवण थांबवलं. प्रयाग धोंड्यांचं पातेलं हातात घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती उद्या साहेबांना नाही म्हणून सांगणार. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मला तिनं शब्द दिला होता आणि ती तो पाळत होती.

मी जितकं चांगलं रांधलं, तितकं तिचं जाणं मीच अडवलं होतं. धोंडे फुटले असते, आमटी खारट झाली असती, तर निदान भांडायला जागा राहिली असती!

"आक्का," मी म्हणालो, "हे तिनं केलेलं न्हाई."

"मग काय नलीनं केलं?"

"मी केलं."

दाजी हसले. मोठ्यानं हसले, आणि हसता हसता थांबले, कारण दुसरं कुणीच हसत नव्हतं.

"धोंडे, आमटी, ही चटणी, सगळं. गिरणी बंद झाल्यापासनं रोजचा सैपाक मीच करतोय. खानावळ मीच बंद केली. किराणा मीच आणतो आन् निम्म्यात भागवतो. तिचा पगार तिच्या हातात उरतोय तो माझ्या हातानं. ती सोलापूरला गेली तर ह्या घरातली एक भाकरी कमी करावी लागंल, तिची. बाकी काय बदलणार न्हाई."

"बायकोसाठी खोटं बोलू नको, अंब्या," आक्का हळू आवाजात म्हणाली.

"मेव्हणे," दाजींचा आवाज मात्र चढला, "नारायण म्हणून पाटावर बसवलंत आणि रांधलं गड्यानं? ही काय थट्टा आहे का माझी?"

"दाजी, देवळात नारायणाचा नैवेद्य कोण शिजवतं? पुजारीच शिजवतो की."

दाजी लाल झाले. ताटावरून उठावं असं त्यांच्या मनात आलं हे मला स्पष्ट दिसलं. गुडघा हलला होता. जावई धोंड्याच्या ताटावरून उठला असता तर जन्मभराचं वैर झालं असतं. पण दुसरा धोंडा त्यांच्या हातात अर्धा होता आणि त्यावरचं तूप बोटांवरून ओघळत होतं. त्यांनी धोंड्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि धोंडा तोंडात घातला. उठून जाण्याइतकं वाईट मी रांधलंच नव्हतं!

"खरं असेल तर करून दाखवा," तोंड भरलेलं असतानाच ते म्हणाले. "माझ्यापुढं."

"आत या मग. हितं चूल न्हाई."

दाजी काही आत आले नाहीत; तिसरा धोंडा गरमच आणा, एवढं बसल्या जागेवरून म्हणाले. आक्का आली. ती हात धुऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी हात धुतले, बाह्या सारल्या, कणकेचा गोळा घेतला, बोटांनी पारी केली, पुरण दाबलं, वरून मुरड घालून बंद केला आणि चाळणीत ठेवला. मग दुसरा. कुणीतरी बघतंय म्हणून मी मुरड जरा जास्तच नखऱ्यानं घातली.

आक्का सगळं न्याहाळत होती. तेलाच्या डब्यातली वाकवलेली पळी. परातीतले कोथिंबिरीचे देठ. झाकून ठेवलेला ताकाचा गंज.

"लाज न्हाई वाटली?" तिनं विचारलं.

"वाटली की. म्हणून तर आज मागच्या दारानं पळालो."

"आन् आता?"

"आता दाजींनी तिसरा मागितलाय."

तिला हसू येईल असं मला वाटलं. नाही आलं. ती चुलीपाशी माझ्याशेजारी येऊन बसली आणि चाळणीवरचं झाकण उचललं, वाफ वर आली.

"सातवी झाल्यावर मास्तरणीच्या कोर्साला माझं नाव लागलं हुतं," ती म्हणाली. "पंढरी मास्तर घरी सांगाय आले हुते. तुला कुठलं आठवतंय, तू एवढासा हुतास. आई नुकती गेलेली. अण्णा म्हणाले, ही गेली तर अंब्याला भाकरी कोण थापणार. मलाबी ते पटलं. खरंच कोण थापणार हुतं?"

मला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत तिनं एकदाही सांगितलं नव्हतं.

"आज बघितलं तवा कळलं," आक्का म्हणाली. "भाकरीचा तवा तर तवाबी घरात हुता. अण्णांना हातबी दोन हुते. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई बघ. माझ्यासुदिक."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याच होतं, आणि ते वाफेचं नव्हतं. तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं, लहानपणी पुसायची तसंच खसाखसा.

"पीठ लागलं हुतं," ती म्हणाली आणि उठली.

बाहेर प्रयागनं ओटीचं सूप तयार ठेवलं होतं: तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरून पाठवायची, म्हणून आक्कासाठीच. प्रयाग सूप घेऊन पुढं झाली. "बसा वन्सं, ओटी भरते."

आक्कानं सूप तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू बस."

"मी?"

"बस म्हणते ना पाटावर. बाहेरगावी निघालेल्या लेकीची ओटी आधी भरत्यात. माझी मागनं भर."

प्रयाग खाली बसली. तिनं पदर पसरला, पण तिला नीट धरता येईना. आक्कानं तिला हळद लावली, कुंकू लावलं, खण-नारळ पदरात घातला आणि ओंजळीनं तांदूळ घातले. घालताना तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उद्या होय म्हणून सांग. आन् नंबर पहिला आण. न्हाईतर माझ्या भावानं भाकऱ्या उगाच थापल्या म्हणायचं."

प्रयाग रडत होती आणि हसत होती. नलू आईच्या गळ्यात पडली आणि तांदूळ जमिनीवर सांडले. मी आतून बघत होतो, हात कणकेनं भरलेले, समोर वाफ. छाती अशी फुगली होती की बटनं तुटतील की काय असं वाटलं, आणि ती अजून खालीवरच लागलेली होती. गिरणी बंद पडल्यापासून मी स्वतःला बिनकामाचा समजत आलो होतो. त्या दिवशी आक्का "माझ्या भावानं" म्हणाली आणि ते सगळं निघून गेलं. पुढं प्रयाग खरंच पहिली आली, हाताखाली बारा नर्सा घेऊन निवृत्त झाली. त्याचं कौतुक आहेच. पण माझं प्रमाणपत्र त्याच दुपारी मिळालं होतं.

मी तिसरा धोंडा नेऊन दाजींना वाढला. त्यांनी तो संपवला, वर आमटी प्याले. मग बोटं चाटून झाली, ढेकर दिला आणि सवयीनं हात ताटाबाहेर करून बसून राहिले, कुणी येऊन ताट उचलेल म्हणून.

कुणी आलं नाही. प्रयागच्या पदरात ओटी होती. नलू सांडलेले तांदूळ वेचत होती. माझे हात भरलेले. दाजींनी आक्काकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" आक्का म्हणाली. "मी आज माहेरवाशीण हाय."

दाजी गुडघ्यावर हात देऊन उठले, वाकले आणि ताट स्वतःच्या हातानं उचललं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्या घरी किती वेळा जेवून गेले, पण ताट घेऊन ते खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि इकडंतिकडं बघू लागले.

"मेव्हणे," ते अखेर म्हणाले, "तुमची मोरी कुठं आहे हो?"

मी पुढं होऊन दाखवली.